उंटाचे रक्षण की उंटवाल्याचे उच्चाटन?

संयुक्त राष्ट्रांनी २०२४ हे उंटवर्गीय प्राण्यांचे, तर २०२६ हे कुरणे व पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले. वर्षे जाहीर करण्यास खर्च फारसा येत नाही. २०१२ च्या पशुगणनेत आपल्या देशात सुमारे चार लाख उंट होते. २०१९ च्या गणनेत ते अडीच लाखांवर आले. एकट्या राजस्थानात सव्वातीन लाखांचे दोन लाख तेरा हजार झाले. या आकड्यांमागे राईका अथवा रेबारी या फिरस्त्या समाजाचा संसार आहे, आणि तो आमच्या डोळ्यांदेखत मोडतो आहे.

पार्वतीच्या उंटाची राखण करण्यासाठी शंकराने पहिला राईका निर्माण केला, अशी या लोकांची श्रद्धा आहे. उंटाचे मांस त्यांना वर्ज्य. दूध विकणेही पूर्वापार निषिद्ध. सांडणी कळपातच राहावयाची. मग पोट कशावर चालावे? गाडीला आणि नांगराला जुंपण्यासाठी नर विकावयाचे, हाच काय तो रोकड मिळकतीचा मार्ग होता. सांडणीचा गर्भ सुमारे तेरा महिन्यांचा; दोन वर्षांत एक पिलू मिळाले तरी खूप. त्यातले नर वाढवून कार्तिकात पुष्करच्या बाजारात न्यावयाचे आणि त्या पैशांत घरचे सारे भागवावयाचे.

ट्रॅक्टर आणि जीप आल्या नि नराची मागणी ओसरली. कालव्याचे पाणी पोहोचले तेथे चराऊ रानाची शेते झाली. देवाच्या नावाने राखलेली ओरणे आक्रसली, आणि अरवलीतील कुंभलगडच्या अभयारण्यात पिढ्यान्‌पिढ्या पावसाळी चराई करणाऱ्यांना मज्जाव झाला. चारा तुटला की जनावर खंगते, आणि खंगलेल्या जनावराला सर्रा रोग लवकर गाठतो.

अशा वेळी शासन धावून आले! २०१४ मध्ये राजस्थानने उंटाला राज्यपशूचा मान दिला. २०१५ मध्ये कायदा करून त्याची कत्तल आणि कत्तलीसाठी राज्याबाहेर नेणे यांवर बंदी घातली. अन्य कामासाठी न्यावयाचा तरी परवाना हवा. हेतू चांगला होता यात आम्हांस शंका नाही. संख्या कायद्यापूर्वीच घटत होती, हेही मान्य केले पाहिजे. परंतु परवान्याची कटकट आणि वाटेतील अडवणूक यांच्या धास्तीने बाहेरचा गिऱ्हाईक येईनासा झाला आणि नराचा भाव कोसळला. जो पशू विकता येत नाही, तो पोसावा कोणी? पिलाच्या जन्मानंतर दहा हजार रुपयांचे अनुदान देऊ केले गेले. पण अनुदान काही चारा नव्हे, आणि बाजार तर नव्हेच.

कच्छमध्ये निराळी वाट निघाली. तेथील खाराई उंट भरतीच्या पाण्यातून पोहत जाऊन खाडीतील बेटांवर तिवरे खातो. आमच्या किनारी वाचकांस हे ऐकून नवल वाटेल. २०१५ मध्ये त्याला स्वतंत्र जातीची मान्यता मिळाली. २०१६ मध्ये उंटिणीच्या दुधाची मानके ठरली आणि २०१९ मध्ये अमूलने कच्छचे हे दूध बाजारात आणले. दूध विकावयाचे नाही हा जुना दंडक त्यासाठी सोडावा लागला, ही गोष्ट लहान नव्हे. मात्र जेथे संकलन केंद्र नाही, शीतपेटी नाही, तेथील राईकाला त्या मानकांचा उपयोग काय?

सुगी संपल्यावर देशावरून मेंढरे घेऊन कोकणात उतरणारे धनगर आणि शेतात कळप बसवून घेणारे शेतकरी यांचा व्यवहार आम्ही जाणतो. फिरस्ता हा उपरा नसतो, हे आमच्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. ते दिल्ली-जयपूरच्या कचेऱ्यांना कळावे, एवढीच आमची अपेक्षा. ओरणे आणि गोचर जमिनी महसुली दप्तरात पडीक म्हणून लिहिल्या जातात, ते आधी थांबावे. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. त्यात भटक्या पशुपालकांच्या मोसमी चराईचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे. कुंभलगडच्या वेशीवर उभ्या असलेल्या राईकाला तो हक्क प्रत्यक्षात कधी देणार, याचे उत्तर राजस्थान सरकारने द्यावे.