अंकीय टोकन

अंकीय टोकन म्हणजे संगणकीय आज्ञावलीच्या मजकुरात संख्या म्हणून ओळखला जाणारा सलग चिन्हसमूह होय. हा समूह कोठे संपतो आणि त्याचे मूल्य किती, हे त्या त्या आज्ञावली भाषेचे मानक ठरवते. या लेखातील उदाहरणे देवनागरी अंकांत दिली आहेत. सी, जावास्क्रिप्ट व पायथन या भाषांत संख्या थेट लिहिताना मात्र आंतरराष्ट्रीय अंकच वापरावे लागतात.

ओळखण्याची पद्धत

सी भाषेच्या १९८९ च्या मानकानुसार हे काम दोन टप्प्यांत होते. प्रथम अंकापासून सुरू होणारा शक्य तितका लांब समूह एकत्र घेतला जातो. त्यात अक्षरे व दशांश चिन्हही येऊ शकतात. त्यानंतर तो समूह वैध संख्या आहे की नाही, हे तपासले जाते. ऋण चिन्ह टोकनाचा भाग नसते. ते स्वतंत्र टोकन असते.

सुरुवातीचे शून्य

सी भाषेत शून्याने सुरू होणारा पूर्णांक अष्टमान पद्धतीतला मानला जातो. या पद्धतीत ० ते ७ एवढेच अंक असतात. रायगड जिल्ह्यातील रसायनीचा दूरध्वनी संकेतांक ०२१९२ आहे. तो संख्या म्हणून लिहिल्यास त्यातील ९ या अंकामुळे कंपायलर त्रुटी दाखवतो. कर्जतचा ०२१४८ हा संकेतांकही ८ मुळे अवैध ठरतो. मुंबईचा ०२२ मात्र विनातक्रार स्वीकारला जातो आणि त्याचे मूल्य १८ होते (२ × ८ + २). असा दोष निदर्शनास येत नसल्याने तो अधिक घातक असतो.

जावास्क्रिप्टच्या शिथिल प्रकारात ०२२ चे १८ होतात. ०२१९२ मात्र दशमान समजून २१९२ असा घेतला जातो. कडक प्रकारात दोन्ही अवैध आहेत. पायथन ३ मध्येही दोन्ही अवैध असून, अष्टमान संख्येसाठी शून्यानंतर ‘ओ’ हे रोमन अक्षर लिहावे लागते.

अंकांचे गट व लिपी

पायथनमध्ये १,००,००० असे लिहिल्यास एक लाख न होता १, ० व ० अशा तीन संख्या मिळतात. आवृत्ती ३.६ पासून स्वल्पविरामाऐवजी अधोरेषा वापरून लाख-कोटींचे गट पाडता येतात. आज्ञावलीत थेट लिहिलेले देवनागरी अंक पायथनला चालत नाहीत. परंतु अवतरण चिन्हांतील ‘४१०२०७’ या मजकुराचे पूर्णांकात रूपांतर करता येते.

व्यावहारिक महत्त्व

दूरध्वनी संकेतांकांवर गणिती क्रिया होत नाहीत आणि त्यांतील सुरुवातीचे शून्य अर्थपूर्ण असते. त्यामुळे ते संख्या म्हणून न साठवता मजकूर, म्हणजेच स्ट्रिंग, म्हणून साठवणे योग्य ठरते.