संत्र्यातल्या साखळ्या: काही तुटतात, काही जुळतात

भाद्रपदात चांदूर बाजारच्या संत्रा बागांत झाडाखाली हिरव्या फळांचा सडा पडतो. आंबिया बहाराची ही फळगळ अमरावती जिल्ह्यातल्या बागायतदारांची जुनी डोकेदुखी. कारणं अनेक: बुरशी, रस शोषणारे पतंग, बुडाशी साचलेलं पाणी. फळ सुटतं ते मात्र देठाजवळच्या एका पातळ थरात. पेशींना एकमेकींशी चिकटवून धरणारं पेक्टिन तिथे एन्झाइम तोडून टाकतात. ही क्रिया लांबावी म्हणून बागायतदार जिब्रेलिक ॲसिड फवारतात.

पेक्टिन म्हणजे गॅलॅक्टुरॉनिक आम्लाच्या शेकडो घटकांची लांबलचक साखळी. संत्रं सोलल्यावर सालीच्या आत दिसणारा पांढरा भाग त्याने भरलेला असतो. जॅम-जेली घट्ट करणारी पेक्टिनची पूड मुख्यतः अशा सालींपासूनच काढतात.

देठाजवळ या साखळ्या तुटतात, रसात नेमकं उलटं घडतं. न तापवलेला रस ठेवून दिला की वर निवळ पाणी आणि खाली गाळ, अशी फारकत होते. एक एन्झाइम पेक्टिनवरचे मेथिल गट काढून टाकतो, उघड्या पडलेल्या जागा कॅल्शियममुळे एकमेकींना जोडल्या जातात आणि जडावलेल्या साखळ्या गराचे कण घेऊन तळाशी बसतात. हा एन्झाइम रस नासवणाऱ्या बहुतेक जंतूंपेक्षा चिवट. म्हणून कारखान्यात रस किती तापवायचा, हे बऱ्याचदा त्याच्याकडे पाहून ठरतं.

साखळी तुटली की जुळली, हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी साइज-एक्सक्लुजन क्रोमॅटोग्राफी वापरतात. साधारण वीतभर किंवा थोड्या जास्त लांबीच्या नळीत सच्छिद्र मणी ठासून भरलेले असतात आणि त्यांतून द्रावण संथपणे पुढे सरकतं. चाळणीच्या अगदी उलटा प्रकार: मोठे रेणू मण्यांच्या छिद्रांत शिरू शकत नाहीत, बाहेरूनच सटकतात आणि आधी पोचतात. लहान रेणू प्रत्येक छिद्रात डोकावत येतात, म्हणून मागे पडतात. पेक्टिन तुटलं असेल तर आलेखावरचा उंचवटा उशिराच्या बाजूला सरकतो, जुळलं असेल तर अलीकडे येतो.

ही पद्धत रुजली ती १९५९ मध्ये स्वीडनच्या उप्सालात, येर्कर पोराथ आणि पेर फ्लोडिन यांच्या कामातून. त्यांनी डेक्स्ट्रान या शर्करेच्या साखळ्या एकमेकींना जोडून जेल बनवलं होतं. गंमत म्हणजे रेणूंची जोडणी ओळखणारं हे साधन स्वतःच जोडणीतून घडलेलं! पुढे १९६४ मध्ये डाऊ कंपनीतल्या जॉन मूर यांनी ही युक्ती प्लास्टिकच्या साखळ्यांसाठी वापरली.

आलेखावर डोळे झाकून विश्वास ठेवण्यात मात्र धोका आहे. यंत्र रेणूचं वजन मोजत नाही, तो पाण्यात किती जागा व्यापतो ते दाखवतं. फांद्या फुटलेला रेणू त्याच वजनाच्या सरळ साखळीपेक्षा आटोपशीर असतो, त्यामुळे तो लहान भासतो. त्याहून मोठी फसगत गाळणीवर होते. नमुना नळीत सोडण्याआधी गाळावा लागतो आणि फार जुळून जेल झालेलं पेक्टिन तिथेच अडकतं. मग आलेखात उरतात फक्त सुटे रेणू आणि जोडणी झालीच नाही असं वाटू लागतं. म्हणून जाणता संशोधक किती पेक्टिन आत सोडलं आणि किती बाहेर आलं, याचा हिशेब आधी मांडतो.

आणखी एक पडताळणी करता येते. नमुन्यात ईडीटीए घातलं की ते कॅल्शियम धरून ठेवतं. त्यानंतर मोठ्या रेणूंचा उंचवटा उशिराकडे सरकला, तर ते कॅल्शियमने बांधलेले जुडगे होते. जागचा हलला नाही, तर एवढं मोठेपण कॅल्शियमच्या जोरावरचं नव्हतं.