लाळेतील प्रतिऑक्सिडीकारक एंझाइमे (मुखाच्या कर्करोगपूर्व विकारांतील)

ऑक्सिजनाच्या अतिविक्रियाशील रूपांपासून मुखातील ऊतकांचे रक्षण करणारी, लाळेत आढळणारी एंझाइमे. सुपर-ऑक्साइड डिस्म्यूटेज, कॅटॅलेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज आणि लालाग्रंथींतून स्रवणारे लाळ-पेरॉक्सिडेज ही यांतील प्रमुख होत. लाळेच्या एकूण प्रतिऑक्सिडीकारक क्षमतेत यूरिक अम्लासारख्या, एंझाइम नसलेल्या पदार्थांचाही मोठा वाटा असतो.

कार्य : चयापचयात तसेच तंबाखूसारख्या पदार्थांमुळे सुपर-ऑक्साइड हे मूलक निर्माण होते. सुपर-ऑक्साइड डिस्म्यूटेज त्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड व ऑक्सिजन यांत रूपांतर करते, हे जे. एम्. मॅकॉर्ड व अर्विन फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये दाखविले. हायड्रोजन पेरॉक्साइडाचा नाश कॅटॅलेज व पेरॉक्सिडेजे करतात. हा दुसरा टप्पा अपुरा पडल्यास पेरॉक्साइड साचते आणि लोह वा तांबे यांच्या सान्निध्यात त्यापासून अत्यंत विनाशक असे हायड्रॉक्सिल मूलक तयार होते. त्यामुळे कोशिकापटलातील मेदांचे व डीएनएचे नुकसान होते. डीएनएतील असे दोष दुरुस्त न होता साचत गेल्यास कोशिका कर्करोगाकडे झुकू शकते.

कर्करोगपूर्व विकार : श्लेष्मकलेवरील पांढरे चट्टे (ल्यूकोप्लेकिया), लाल चट्टे (एरिथ्रोप्लेकिया) आणि अवश्लेष्म तंतुमयता हे यांतील महत्त्वाचे विकार होत. यांपैकी तंतुमयतेत श्लेष्मकला पांढुरकी व ताठर होऊन तोंड उघडणे कठीण जाते. पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांतील या विकाराचे वर्णन श्वार्ट्‌झ यांनी १९५२ मध्ये, तर भारतातील रुग्णांचे एस्. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये केले. सुपारी चघळणे हे त्याचे प्रमुख कारण होय. चुन्यामुळे क्षारकीय झालेल्या लाळेत सुपारीतील पॉलिफिनॉलांचे आपोआप ऑक्सिडीभवन होऊन विक्रियाशील ऑक्सिजन निर्माण होतो. सुपारीतील तांब्यामुळे कोलॅजेनाचे तंतू परस्परांत जखडणाऱ्या एंझाइमाची क्रियाशीलता वाढते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविरहित विडा व सुपारी यांनाही मानवी कर्करोगकारकांत गणले आहे (२००४).

निदानातील स्थान : अशा रुग्णांच्या लाळेत या एंझाइमांची क्रियाशीलता कमी झाल्याचे व मेदांच्या ऑक्सिडीभवनातून होणारे मॅलॉनडायाल्डिहाइड वाढल्याचे अनेक पाहण्यांत आढळले आहे, तथापि काही पाहण्यांत सुपर-ऑक्साइड डिस्म्यूटेज वाढलेलेही दिसले. वाढत्या ताणाला शरीराने दिलेला तो प्रतिसाद असू शकतो. शिवाय धूम्रपान, हिरड्यांचा दाह, वय व लाळ गोळा करण्याची वेळ यांमुळेही ही मूल्ये बदलतात. सुईविना वारंवार मिळू शकणारी लाळ रोगाच्या वाटचालीवर लक्ष ठेवण्यास सोयीची असली, तरी केवळ तिच्या परीक्षेवरून कर्करोगाचे निदान करता येत नाही. संशयित चट्ट्याची जीवोतक परीक्षा हाच निदानाचा आधार राहतो.

लायकोपीनासारखी प्रतिऑक्सिडीकारके पूरक उपचार म्हणून दिली जातात. तथापि सुपारी व तंबाखू यांचे सेवन चालू असेपर्यंत ऑक्सिडीकारक ताणाचे मूळ कायम राहते. म्हणून ते बंद करणे ही उपचारांची पहिली पायरी होय. तंतुमयतेत ताठर झालेली श्लेष्मकला सेवन थांबविल्यावरही क्वचितच पूर्ववत होते. त्यामुळे लवकर निदान व दीर्घकाळ नियमित तपासणी यांना विशेष महत्त्व आहे.