ऊब आणि झरोका

दसरा झाला की आमच्या घरी धनुकलीचा आवाज सुरू व्हायचा. माझे वडील पिंजारी. तापीकाठच्या आमच्या गावात आणि आजूबाजूच्या दहा-बारा खेड्यांत ते खांद्यावर धनुकली टाकून फिरत. लोकांच्या ओसरीवर बसून जुन्या गाद्या-रजया उसवायच्या, दबलेला कापूस मोकळा करायचा आणि पुन्हा भरून द्यायचा, हे त्यांचं काम. मी पुढे बी.ए. झालो, कवितेच्या नादी लागलो. धनुकली काही हाती धरली नाही. पण थंडीसाठी घर कसं तयार करायचं, हे मात्र अब्बांकडूनच शिकलो. त्यातला एक धडा आम्हाला फार महागात पडला असता. तोही आज सांगणार आहे.

एकदा एका वहिनींनी त्यांना विचारलं, "पिंजारीभाऊ, रजई तीच, कापूस तोच. मग पिंजल्यावर एवढी उबदार कशी होते?" अब्बा म्हणाले, "वहिनी, कापसात ऊब नसतेच. ऊब तुमच्या अंगची. कापूस ती बाहेर जाऊ देत नाही, एवढंच."

शाळेत विज्ञान शिकलो तेव्हा कळलं, अब्बा बरोबर सांगत होते. मोकळ्या कापसाच्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते. अशी स्थिर हवा उष्णता सहजासहजी पुढे जाऊ देत नाही. वर्षानुवर्षं वापरून कापूस दबला, की ही हवा निघून जाते आणि जाडजूड रजईसुद्धा थंड वाटू लागते. म्हणून थंडीआधी रजया दोन-तीन दिवस कडक उन्हात टाकाव्यात, काठीनं झोडाव्यात. गाठी झाल्या असतील तर पिंजून घ्याव्यात. आता हे काम यंत्रावर होतं, पण तत्त्व तेच आहे.

मंडळी, घराचंही असंच आहे. घर म्हणजे एक मोठी रजईच. आपल्याकडे बर्फ पडत नाही, म्हणून थंडीची तयारी करावी असं आपल्या मनातच येत नाही. पण पुण्यात जानेवारी १९३५मध्ये पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली. हिवाळ्यात आभाळ निरभ्र असतं. दिवसभर तापलेली जमीन आणि छपरं रात्री आपली उष्णता त्या मोकळ्या आभाळाकडे सोडून देतात. त्यात उत्तरेचा वारा सुटला, की पहाटेपर्यंत हुडहुडी भरते.

आमचं घर धाब्याचं होतं. दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर काड्यांचा थर आणि पांढऱ्या खाऱ्या मातीचा लेप. अशी भिंत दिवसा ऊन पिते आणि रात्री सावकाश ऊब सोडते. पत्र्याचं तसं नाही. तो जितक्या लवकर तापतो, तितक्याच लवकर निवतो. पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांनी पत्र्याखाली थोडी जागा सोडून बांबूची चटई किंवा जाड कापड ताणून बांधावं. मधली हवा रजईचं काम करते. मात्र चूल आणि विजेच्या तारा यांच्यापासून ते दूर ठेवावं.

दुसरी गोष्ट उन्हाची. ऊन फुकट आहे, पण ते घरात घ्यावं लागतं. डिसेंबरच्या अखेरीस खानदेशात भर दुपारीही सूर्य डोक्यावर येत नाही. तो दक्षिणेकडे झुकलेला, क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट आतल्या फरशीवर पडतं. या दिवसांत ती खिडकी सकाळी उघडावी, पडदे बाजूला सारावेत आणि ऊन कलताच खिडकी लावून घ्यावी. उत्तरेच्या दारा-खिडक्यांच्या फटी मात्र जुन्या कापडाच्या पट्ट्यांनी बंद कराव्यात. दाराखाली कापडाची वळकटी ठेवली, तरी पायांना लागणारा वारा थांबतो.

तिसरी गोष्ट अंथरुणाची. आपण पांघरुणाचा विचार करतो, अंथरुणाचा करत नाही. शहाबादी फरशीवर सतरंजी टाकून झोपलेल्या माणसाच्या अंगावर दोन रजया घातल्या, तरी त्याची ऊब खालून फरशी ओढून घेते. एक जाड गोधडी खाली घाला आणि फरक पाहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि तान्ह्या बाळांना थंडी आधी बाधते. त्यांच्या डोक्याला टोपी, पायांत मोजे आणि एका जाड कपड्याऐवजी दोन-तीन पातळ कपडे असावेत. कपड्यांच्या मधली हवाही कामाला येते.

आता तो धडा. १९७८चा हिवाळा. मी चौथीत होतो आणि माझ्या धाकट्या बहिणीचा जन्म होऊन आठ दिवस झाले होते. अम्मी बाळंतिणीच्या खोलीत होती. रिवाजाप्रमाणे तिच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी असे. त्या रात्री वारा फार होता. अब्बांनी मला सांगितलं, "बेटा, दाराच्या फटी बुजव." मी मन लावून सगळ्या फटी बुजवल्या. मग वर पाहिलं, तर छताजवळ धूर जाण्यासाठी ठेवलेला झरोका उघडाच होता. मी उतरंडीवर चढलो आणि पिंजलेल्या कापसाचा मोठा बोळा त्यात कोंबला. मला वाटलं, शाबासकी मिळेल.

पहाटे दादी नमाजासाठी उठली. नातीचा रडण्याचा आवाज कसा नाही, म्हणून तिनं खोलीचं दार उघडलं. अम्मी हाका मारूनही नीट जागी होत नव्हती. बाळ मलूल पडलं होतं. दादीनं आरडाओरडा करून दोघींना अंगणात काढलं. त्या कडाक्याच्या थंडीत, उघड्या हवेत, अम्मीनं डोळे उघडले आणि तिला उलटी झाली. बऱ्याच वेळानं बाळ रडलं. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. डॉक्टर आले, झरोक्याकडे पाहून म्हणाले, "आणखी तासभर गेला असता, तर मी येऊन काही उपयोग नव्हता." अब्बा मला एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी फक्त शिडी लावून तो कापूस काढला.

बंद खोलीत कोळसा जळतो, तेव्हा कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर संपून निखारे लालबुंद झाले, म्हणजे धोका टळला असं आपण समजतो. पण वायू निघतच असतो. रक्तातल्या ज्या हिमोग्लोबिननं प्राणवायू वाहून न्यायचा, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, मग गुंगी येते. झोपलेल्या माणसाला तर काहीच कळत नाही.

म्हणून शेगडी घेऊन बंद खोलीत कधीही झोपू नये. बाळंतिणीला शेक द्यायचाच असेल, तर गरम पाण्याची पिशवी घ्यावी. शहरात आता शेगडी गेली. पण खिडकी नसलेल्या न्हाणीघरातला गॅसचा गिझर तेच काम करतो. तो न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. विजेच्या हीटरमधून हा वायू निघत नाही, पण तो अंथरुणापासून लांब ठेवावा आणि झोपताना बंद करावा. कुणाला गुंगी आल्याचं दिसलं, तर आधी दारं-खिडक्या उघडाव्यात, माणसाला मोकळ्या हवेत न्यावं आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बरं वाटलं, तरी डॉक्टरांना दाखवावंच.

ती बहीण आज दोन मुलांची आई आहे. दर वर्षी थंडी पडली की तिचा फोन येतो. आधी खुशाली विचारते आणि मग हसत म्हणते, "भाईजान, झरोका उघडा आहे ना?" मी हसून "हो" म्हणतो. पण फोन ठेवल्यावर उठून एकदा पाहून येतो. तुम्हीही या थंडीत रजया उन्हात टाका, फटी बुजवा, अंथरूण जाड करा. एक झरोका मात्र उघडा ठेवा.