सायकलवर पॉडकास्ट ऐकताय? उजवा कान मोकळा ठेवा

संध्याकाळी मांडवीच्या जेट्टीवरून निघून भाट्ये पुलाकडे सायकल मारताना कानात काय घालायचं, हा आजचा विषय.

आपल्याकडे रस्त्याच्या डाव्या बाजूने चालायचं, म्हणजे ओव्हरटेक करणारी रिक्षा किंवा डंपर तुमच्या उजवीकडून येणार. म्हणून दोन्ही कान बंद करणारे, नॉइज कॅन्सलेशनवाले इअरबड्स सायकलवर नकोतच. एसटीत खुशाल वापरा.

‘पण ट्रान्स्परन्सी मोड आहे ना!’ असं म्हणाल. आहे, पण तो बाहेरचा आवाज माइकमधून घेतो. समुद्राचा वारा माइकवर आपटला की हॉर्नऐवजी नुसती घरघर ऐकू येते.

त्यापेक्षा बोन कंडक्शन हेडफोन बरा. तो कानात जातच नाही. कानापुढच्या हाडावर बसतो आणि कंपनं हाडातून आतल्या कानापर्यंत पोचतात. तोटा एवढाच, की पुलावरच्या वाऱ्यात बोलणं बुडतं आणि हात आपसूक आवाज वाढवायला जातो. तिथे सरळ पॉज करा.

नवा घ्यायला पैसे नाहीत? आहे तोच इअरबड, फक्त डाव्या कानात. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू करा, नाहीतर एखाद्या मुलाखतीतला एक माणूस गायबच व्हायचा!

खोक्यावर आयपी रेटिंगही बघा. आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे चालतील, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पण ही चाचणी गोड्या पाण्यातली. खाऱ्या हवेतून घरी आलात की ओलसर फडक्याने पुसा आणि पूर्ण सुकल्यावरच चार्जिंगला लावा.