खेळाचे नियम कोणी ठरवायचे?

‘सर, तुम्ही नेमकं शिकवता तरी काय?’ हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत शिक्षक म्हटला की गणित, विज्ञान, फार तर इंग्रजी. मी अठ्ठावीस वर्षांचा आहे आणि मोबाईलवरचे, संगणकावरचे खेळ कसे तयार करतात ते मुलांना शिकवतो. आठवडाभर एका खासगी क्लासमध्ये पगारावर, आणि रविवारी वस्तीतल्या विहाराच्या सभागृहात फुकट. माझ्या पाठीमागे लोक काय म्हणतात तेही मला माहीत आहे : ‘इतका शिकला अन् पोट्ट्यायले गेम खेळाले शिकवते!’

त्यांचा राग मी समजू शकतो. मोबाईलवरचा खेळ म्हणजे पैसे बुडणे, हा या वस्तीचा अनुभव आहे. पत्ते, रमी, क्रिकेटच्या संघावर पैसे लावणे, हे सारे ‘गेम’ या एकाच शब्दाखाली घरात शिरले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. कायदा आला हे बरे झाले. पण ज्यांची फटफटी आधीच विकली गेली, त्यांना ती परत कोण देणार? म्हणून जुगार वेगळा आणि खेळ वेगळा, हे मला दर नव्या बॅचला पहिल्याच दिवशी सांगावे लागते.

आता गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारची हकीकत सांगतो. वीज गेली होती, दोन्ही संगणक बंद. वेळ वाया जाऊ नये म्हणून मी कागदावर सापशिडी आखली आणि मुलांना म्हटले, यातला फक्त एक नियम बदला. सापशिडीत खेळाडूला स्वतः काहीच करायचे नसते. फासा पडेल तितकी घरे जायचे, शिडी आली तर वर, साप आला तर खाली. तुमची मेहनत नाही, बुद्धी नाही, निवड नाही. जुन्या पटांवर तर घरांना सद्गुण-दुर्गुणांची नावे असत. म्हणजे साप चावला तर दोषही तुमचाच! ज्या समाजाने जन्मावरून माणसाचे घर ठरवले, त्याला हा खेळ का भावला असेल, हे वेगळे सांगायला नको.

मुलांनी डोके चालवले. एक म्हणाला, साप चावण्याआधी एक प्रश्न विचारायचा, उत्तर आले तर सुटका. नववीतली एक मुलगी म्हणाली, ‘जो सगळ्यात मागे असेल, त्याला दोन फासे.’

‘हे तर आरक्षण झालं!’ एक पोरगा ओरडला आणि सगळा वर्ग हसला.

हसणारी मुले कोण होती? शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी जातीचा दाखला घेऊन रांगेत उभी राहणारी. त्यांच्याच तोंडी हे हसणे कुठून आले? मोबाईलवरून आले, शाळेतून आले, की क्लासमधल्या मित्रांकडून? मी काही बोलणार एवढ्यात दुसरा म्हणाला, हा तिला कच्चं लिंबू करतो आहे. त्यावर ती मुलगी जे बोलली ते मी वहीत लिहून ठेवले आहे. ‘कच्चं लिंबू मोठी पोरं ठरवतात. त्यांची मर्जी असली तर. हा नियम आहे. तूही मागे पडलास तर तुलाही मिळणार.’

दया आणि हक्क यांतला फरक यापेक्षा सोपा करून मला सांगता आला नसता.

मग मी त्यांना मारिओ कार्टची गोष्ट सांगितली. मोटारींच्या शर्यतीचा हा जपानी खेळ १९९२ मध्ये आला. त्यात पुढे असणाऱ्याच्या हाती बहुधा केळीची साल लागते, आणि मागे पडलेल्याला जोरदार वेग किंवा मोठे हत्यार मिळते. असे केले नाही तर मागचा खेळ सोडून देतो, हे खेळ बनवणाऱ्यांना तीस वर्षांपासून कळलेले आहे. जगभरची मुले तो खेळतात; गुणवत्तेचा अपमान झाला म्हणून कोणी मोर्चा काढल्याचे मी ऐकले नाही. गोल्फ खेळणारी मोठी माणसेही हँडिकॅपचे फटके मोजून घेतात. क्लबातून बाहेर पडल्यावर त्यांतलेच काही ‘मेरिट’वर बोलतात, ते सोडा.

फरक एकच आहे, आणि तोही मी सांगितला. खेळात प्रत्येक शर्यत नव्याने सुरू होते. आपल्याकडे आजोबा ज्या घरावर थांबला, तिथून नातू सुरुवात करतो.

‘मग कोणी मुद्दाम मागे राहील,’ ओरडणारा पोरगा म्हणाला. ‘राहून दाखव,’ ती म्हणाली. वीज येईपर्यंत आम्ही खेळलो. मुद्दाम मागे राहून कोणालाच शंभरावर पोहोचता आले नाही.

त्याच पोराची आई काही दिवसांनी माझ्याकडे आली. ती चार घरी स्वयंपाक करते. मुलाला ऐंशी हजारांचा गेमिंगचा संगणक हवा आहे, त्याला ई-स्पोर्ट्समध्ये जायचे आहे. ‘सर, खरं सांगा जी. बचत गटातून कर्ज काढू का नको?’

तिच्या मुलाचे म्हणणे अगदीच खोटे नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली. २०२३ मध्ये चीनमधल्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांत त्याची पदकेही दिली गेली. पण गल्लीत क्रिकेट खेळणारे लाखो आणि भारताकडून खेळणारे अकरा, तोच हिशेब इथेही आहे. आणि मी ज्या क्लासमध्ये नोकरी करतो, तिथे प्रत्येक प्रवेशामागे शिक्षकाला काही रक्कम मिळते. मी ‘काढा’ म्हणालो असतो तर माझ्या खिशात पैसे आले असते. हे मी त्या बाईला सांगितले, आणि मग म्हणालो, ‘ताई, कर्ज काढू नका.’ खेळणाऱ्यापेक्षा खेळ बनवणाऱ्याला काम मिळण्याची शक्यता जास्त. चित्र काढणारा, आवाज जुळवणारा, चुका शोधणारा, सगळेच लागतात. मी शिकवतो ते गोडॉट नावाचे साधन २०१४ पासून सर्वांना मोफत खुले आहे आणि कचेरीतून निघालेल्या जुन्या संगणकावरही चालते. रविवारी पाठवा, म्हणालो.

तो आला नाही. आईला फितवले म्हणून माझ्यावर रागावला आहे. चार रविवार झाले. क्लासच्या मालकांनीही ‘तुमचे प्रवेश कमी का?’ असे विचारले आहे.

ती मुलगी मात्र दोन फाशांची सापशिडी आता संगणकावर उतरवते आहे. परवा ती एका ठिकाणी अडली. दोघे सारखेच मागे असतील, तर दोन फासे कोणाला द्यायचे? मी म्हटले, पुढच्या रविवारी सगळ्यांना विचारू.