बाटली आधी, पाना नंतर

सकाळी ७:३०

अंबड लिंक रोडवर आमचं डिझेल पंप आणि इंजेक्टर दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. टेस्ट बेंच भाऊ सांभाळतो; गिऱ्हाईक, बिलं आणि रिपोर्ट माझ्याकडे. पावसाळ्यात शटर उघडायच्या आधीच एखादी गाडी टो होऊन दारात उभी असते. आज पिकअप आहे, दिंडोरीकडची. मालकच ड्रायव्हर. रात्री भाजीपाला भरून वाशी मार्केटला जातो. काल रात्री नऊच्या सुमारास ३ हजारांचं डिझेल टाकलं, विल्होळीच्या पुढे गाडी झटके मारायला लागली आणि बंद पडली. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली. सिमला मिरचीचे क्रेट दुसऱ्याच्या गाडीत चढवले, त्याचं भाडं स्वतःच्या खिशातून दिलं.

"ताई, फिल्टर बदला न् एअर काढून द्या. संध्याकाळी परत माल भरायचाय."

घाई समजते. हप्ता चालू आहे, गाडी उभी म्हणजे घर उभं. पण वर्कशॉपमधल्या पोरांना मी एक शिस्त लावली आहे : बाटली आधी, पाना नंतर. घाईघाईत फिल्टर फेकला, टाकी धुतली, डिझेल गटारात ओतलं की गाडी सुरू होते खरी, पण पैसे कोणी द्यायचे या प्रश्नाचं उत्तरही त्या गटारातच जातं.

फिल्टरच्या बुडाशी पाणी काढायचा बोल्ट असतो. त्याखाली पारदर्शक बाटली धरली. आधी गढूळ, ताकासारखं काहीतरी आलं. बाटली टेबलावर ठेवली, कोणी हलवू नये म्हणून मी शेजारीच बसले. थोड्या वेळाने रेघ दिसायला लागली. वर पिवळसर डिझेल, खाली पाणी. निम्म्याच्या जवळपास पाणी.

आता पुढचं बारकाईने बघायचं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे काळपट, बुळबुळीत थर असेल तर ते पाणी जुनं. त्या सीमेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात, आणि त्यांना वाढायला वेळ लागतो. इथे तसा थर नाही. फिल्टरच्या घरात गंज नाही. टाकीच्या तळातून काढलेलं पाणीही स्वच्छ. म्हणजे हे पाणी टाकीत मुरलेलं नाही, नव्याने आलेलं आहे. एवढी एक गोष्ट या माणसाच्या बाजूने बोलते, आणि ती फक्त आत्ताच दिसते.

एक बाटली फिल्टरची, एक टाकीची. झाकणाला टेप, त्यावर गाडीचा नंबर, तारीख, वेळ, माझी आणि त्याची सही. नंबरप्लेटपासून बाटली भरेपर्यंत न तोडता एकच व्हिडिओ. उरलेलं सगळं डिझेल कॅनमध्ये. पावती त्याने घेतली नव्हती, पण पैसे मोबाइलवरून दिले होते. रक्कम, पंपाचं नाव, वेळ, सगळं स्क्रीनवर आहे. त्याचा फोटो काढला. मग त्याच्याच मोबाइलवरून पेट्रोल पंपाच्या मॅनेजरला फोन लावायला सांगितलं : "गाडी उघडायच्या आत तुमचा माणूस पाठवा, समोर उभा राहू दे."

९:४५

मॅनेजर दुपारी येतो म्हणाला. संध्याकाळी माल भरायचा तर तोवर थांबणं शक्य नव्हतं; भावाने इंजेक्टर काढून बेंचवर लावले.

लोक विचारतात, थोडं पाणी गेलं तर एवढं काय बिघडतं? जुन्या ट्रकच्या पंपाला कधीमधी चालून जायचं. आमच्याकडचे अण्णा मायकोतून निवृत्त झालेले. २००८ मध्ये कंपनीचं नाव बॉश झालं तरी त्यांच्या आणि नाशिकच्या तोंडी मायकोच आहे. जुना पंप उघडून, पॉलिश करून त्यांनी कितीदा परत उभा केलाय. आजच्या कॉमन रेल इंजिनांचं तसं नाही. रेलमध्ये १,६०० ते २,००० बारपर्यंत दाब असतो आणि इंजेक्टरच्या आतल्या सुईला हलायला जागा असते दोन-तीन मायक्रॉन. माणसाचा केस साठ-सत्तर मायक्रॉन जाड. या सुईला, पंपाच्या प्लंजरला वंगण दुसरं कुठलं नाही, डिझेलच. डिझेलच्या जागी पाणी आलं की धातू धातूवर घासतो, आणि गाडी दोन दिवस तशीच उभी राहिली की गंज धरतो. शिवाय १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आलं. त्यात सल्फर १० पीपीएम, आधी ५० होतं. हवेसाठी हे फार चांगलं झालं. पण सल्फर काढताना डिझेलचा मूळचा वंगणपणा कमी होतो, तो वेगळं द्रव्य मिसळून भरून काढावा लागतो. या यंत्रांना चुकीला जागाच उरलेली नाही.

चारपैकी दोन इंजेक्टरचा रिटर्न, म्हणजे परत जाणारं डिझेल, जास्त. हाय प्रेशर पंपाचा मीटरिंग व्हॉल्व्ह काढून जाळी पाहिली. चुरा नाही. तिथे चमचमणारा चुरा दिसला असता तर पंप, रेल, चारही इंजेक्टर, पाइप, सगळंच गेलं असतं, आणि मग बिल लाखाच्या घरात जातं. हा माणूस थोडक्यात वाचला आहे.

११:३०

काचेचं ऑफिस असलेल्या एका साहेबांची एसयूव्ही. त्यांचं म्हणणं, पेट्रोल पंपाने भेसळ केली, तसा रिपोर्ट द्या. शोरूमने वॉरंटी नाकारली आहे. ते बहुतेक नाकारतातच. खराब इंधनाने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. साधी विमा पॉलिसीही यात सहसा कामाला येत नाही, कारण ती अपघातासाठी असते. पाणी शिरण्याचं जे जादा कव्हर विकतात तेही पुराच्या पाण्याने इंजिन जाम होण्यासाठी.

फिल्टर कापून पाहिला. कागद काळा, चिकट, जागोजागी फाटलेला. सर्व्हिस बुकात शेवटची नोंद फार जुनी. पाण्याचा थेंब नाही. मी तसंच लिहिलं : फिल्टर वेळेवर न बदलल्याने इंजेक्टर घासले. साहेब रागावून गेले. पण एक खोटा रिपोर्ट दिला की दिंडोरीवाल्याचा खरा रिपोर्टही कोणी वाचणार नाही.

जाताजाता त्यांनी इथेनॉललाही दोष दिला. ते पेट्रोलमध्ये मिसळतात. पंपावर मिळणाऱ्या डिझेलमध्ये ते नसतं.

दुपारी १:१५

डबा उघडला तेवढ्यात सहाचाकी ट्रक. बीएस-६. फिल्टर काढला तर आत पांढरे खडे. बोटाने चुरडले, पाण्यात टाकले, विरघळले. युरिया.

अशा नव्या ट्रकना दोन टाक्या असतात, एक डिझेलची, एक निळ्या झाकणाची. निळ्या टाकीत ३२.५ टक्के युरियाचं द्रावण जातं, धुरातला विषारी वायू मारण्यासाठी. ते डिझेलच्या टाकीत गेलं तर पाणी एकीकडे गंजवतं आणि युरियाचे खडे दुसरीकडे वाटा बंद करतात. ड्रायव्हर विशी-बाविशीतला. रात्री ढाब्यावर अंधारात चुकीच्या टाकीत ओतलं. लगेच कळलंही होतं त्याला. त्या क्षणी चावी फिरवली नसती तर टाकी उतरवून, धुऊन काम भागलं असतं, काही हजारांत. पण शेठच्या भीतीने तो बोलला नाही आणि गाडी तशीच ओढत आणली.

शेठ फोनवर : "सगळं त्याच्या पगारातून कापतो. तुम्ही फक्त बिल पाठवा."

मी शेठना दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, कामगाराचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय नुकसानीपोटी पगार कापता येत नाही, आणि ऐकलं तरी एका वेळी निम्म्याहून जास्त पगार कापता येत नाही; कायदा तसा आहे. दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते. दोन्ही टाक्यांची तोंडं जवळजवळ, झाकणावरचा निळा रंग चिखलाने गेलेला, आणि पोराला कोणी एकदाही दाखवलेलं नाही. याचा पगार कापलात तर पुढचा ड्रायव्हरही लपवेल, आणि लपवल्याचाच खर्च सगळ्यात मोठा येतो.

शेठ गप्प झाले. मग म्हणाले, "आधी काम करा, बाकीचं मी बघतो." काय बघतील ते माझ्या हातात नाही. बिलावर मी मात्र कारणासोबत लिहिलं, झाकणावरची खूण पुसलेली. पोराला डब्यातली पोळी-भाजी दिली. त्याने ती उभ्यानेच खाल्ली.

४:००

मॅनेजर आला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, परवा रात्रीच्या पावसात जमिनीखालच्या टाकीत कुठून तरी पाणी उतरलं असेल. मी विचारलं, सकाळी डिप रॉडला वॉटर पेस्ट लावून तपासलं होतं का? तळाशी पाणी असेल तर त्या पेस्टचा रंग बदलतो, मिनिटाचं काम. तो बाटलीकडे बघत राहिला.

२०२५ च्या जूनमध्ये रतलामजवळ मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या १९ गाड्या अशाच डिझेलने बंद पडल्या. रात्रीच अधिकारी पोचले, पंप सील झाला. योग्यच झालं. मला वाटतं, विल्होळीला मिरचीचे क्रेट घेऊन उभ्या असलेल्या माणसासाठीही कोणीतरी त्याच रात्री यायला हवं. कारण आमची बाटली कितीही नीट भरली तरी ती प्रयोगशाळेचा अहवाल होत नाही. पंपाच्या टाकीतून सीलबंद ॲल्युमिनियमच्या डब्यात नमुना घ्यायचं काम तेल कंपनीच्या किंवा पुरवठा खात्याच्या अधिकाऱ्याचं, आणि उशीर झाला की तोवर टाकी उपसून साफ झालेली असते. म्हणून सकाळीच दिंडोरीवाल्याला तेल कंपनीकडे तक्रार नोंदवायला लावली होती, आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही. तक्रारीचा क्रमांक मॅनेजरसमोर ठेवला तेव्हा बोलणं खऱ्या अर्थाने सुरू झालं.

पंपाची तयारी : डिझेलचे पैसे परत, टाकी साफ करायचा खर्च, नवा फिल्टर. इंजेक्टरचं नाव नाही. मी बेंचचा छापील रिपोर्ट पुढे केला. नवा इंजेक्टर १५-२० हजारांना पडतो. आम्ही नोझल आणि व्हॉल्व्ह बदलून त्याच्या निम्म्यात बसवतोय, हेही सांगितलं. अवास्तव बिल लावलं की समोरच्याला नाही म्हणायला निमित्त मिळतं.

मॅनेजरने मालकाला फोन केला. बराच वेळ बाहेर उभा राहून बोलला. दोन्ही इंजेक्टर मान्य झाले. मग खिशातून एक टाइप केलेला कागद काढला : रक्कम मिळाली, यापुढे कसलीही तक्रार नाही, सही.

दिंडोरीवाल्याने पेन हातात घेतलं होतं. मी कागद वाचून दाखवला. हाय प्रेशर पंप आज ठीक दिसतोय, पण पाणी पिऊन चाललेला पंप महिन्याभरानेही दगा देऊ शकतो. रात्रीचं भाडं, क्रेट हलवल्याचा खर्च, आजचा बुडालेला दिवस यांचा तर यात उल्लेखच नाही. स्वतः गाडी चालवून पोट भरणारा माणूस कायद्याने ग्राहकच आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि त्याच्यासारख्या छोट्या व्यवहाराच्या तक्रारीला फीसुद्धा लागत नाही. ती वाट या एका सहीने बंद झाली असती.

त्याने थोडा विचार केला, शेवटची ओळ खोडली आणि तिथे स्वतःच्या हाताने लिहिलं : "ही रक्कम फक्त दोन इंजेक्टर, फिल्टर, टाकी व डिझेलची." मॅनेजरने पुन्हा फोन लावला, आणि मग सही केली.

७:००

नव्या भागांचे कोड गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये (ईसीएम) भरले, एअर काढली, भावाने गाडी गरवारे पॉइंटपर्यंत फिरवून आणली. रेल प्रेशर स्थिर, रिटर्न चारही सारखे. दोन्ही बाटल्या मी कपाटात ठेवल्या, पावतीची एक प्रत त्याला दिली. पंपाकडचे पैसे मोबाइलवर आल्याचं त्याने दाखवलं.

"मग ताई, भाड्याचे आणि आजच्या खाड्याचे?"

"ते तक्रारीत घालू. क्रेट ज्याच्या गाडीत चढवले त्याच्याकडून आजच लिहून घ्या. किती क्रेट, किती वाजता, किती पैसे."

त्याने तिथूनच त्या गाडीवाल्याला फोन लावला.